इटलीची गाडी आणि माझी दोन पत्रकं

आमच्या शहरातल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख मागायला आलेल्या काकू म्हणाल्या, "गॅरेजमध्ये मुलगी काम करते म्हणजे गमतीजमती असणारच. काही तरी हलकंफुलकं लिहून दे." हलकंफुलकं मला येत नाही. मला पत्रक येतं. पत्रकात पहिल्या ओळीत आरोप असतो, दुसरीत मागणी आणि तळाशी सभेची वेळ. तेव्हा आरोपापासूनच सुरू करते. आयुष्यभर हातात पाना धरलेल्या एका माणसाचं नाव आमच्या आधारतालच्या गॅरेजांमध्ये खराब झालं. कोणी केलं ते पुढे येईलच.

मी रांझीची, शहराच्या कारखान्यांकडच्या वस्तीतली. बाबा फौजी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात होते. मीही आयटीआय करून तिथे वर्षभर शिकाऊ म्हणून काढलं. वर्ष संपल्यावर सांगितलं, जागा निघाली की कळवू. ते अजून कळवून राहिले आहेत. मग आधारतालहून महाराजपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॉबी भैयांच्या गॅरेजमध्ये लागले. तिथे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, म्हणजे कोणत्याच कंपनीचं माहितीपुस्तक तिथे नाही. आम्ही सात जण. सर्वांत जुने दिगंबरकाका, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, मूळ वर्ध्याकडचे, आमच्याच गल्लीत राहणारे. मला आत घेतलं ते त्यांच्या शब्दावर. बॉबी भैया म्हणाले होते, "लड़की क्या करेगी, दद्दा?" काका म्हणाले, "पोट्टे काय करून राहिले ते चार वर्षांपासून पाहूनच राहिलो ना मी. आता हे पाहू."

कामाबरोबर मी गॅरेज कामगारांची संघटनाही चालवते. संघटना म्हणजे मी, दोन रंगारी, एक वेल्डर आणि वर्गणीतून घेतलेला एक भोंगा. पत्रकं मी लिहिते. हिंदीत लिहिते, कारण वाचणारे हिंदी वाचतात. रंग मारणाऱ्याला मास्क द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर माणूस गाडीखाली घालू नका, असल्या मागण्या. बॉबी भैया मला लीडर साहिबा म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण म्हणतात.

आता गाडी. शहरातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी दिल्लीहून जुनी इटालियन गाडी आणली. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला. ही शर्यतीची गाडी नव्हे आणि बाजारहाटाचीही नव्हे. दोन माणसं, त्यांच्या दोन बॅगा आणि समोर हजार किलोमीटर मोकळा रस्ता, एवढ्यासाठी ती बनवलेली असते. सकाळी एका शहरात नाश्ता करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात उतरायचं, कपड्याला सुरकुती न पडता. मागे सीटा आहेत, पण त्यांवर माणूस बसवायचा तर आधी त्याचे पाय काढून ठेवावे लागतील.

पहिल्यांदा ती आत आली तेव्हा मला राग आला. गेटबाहेर बसच्या दाराला लटकून माणसं शिफ्टवर चालली होती, आणि इथे एका माणसाच्या हौसेसाठी आठ सिलिंडर. डोक्यात मी पत्रक लिहायला घेतलं. तेवढ्यात काकांनी चावी फिरवली.

तो आवाज कागदावर आणता येत नाही. आधी एक खोकला, मग घसा साफ करून कोणी तरी खर्जात स्वर लावावा तसं. पाय थोडा दाबला की वर चढतो, चढताना फाटत नाही. वेल्डरने तोंडावरची काच वर केली. रंगारी ब्रश हातात घेऊन बाहेर आले. माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य हरवलं ते हरवलंच. पुढे चाचणीसाठी मी ती बायपासवर चालवली. आत कमावलेल्या चामड्याचा वास, हाताने घातलेली शिलाई, मधोमध एक गोल घड्याळ. शंभरच्या पुढे गेल्यावर तिला जाग येते. ऐंशीवर तर ती तुमच्यावर उपकार करत असते. मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच मी एक गिअर आणखी वर टाकला. हे मी संघटनेच्या सभेत कधी सांगितलेलं नाही.

आता तोटे, कारण ते कोणी सांगत नाही. पोट जमिनीपासून चार बोटं वर. आमच्या गल्लीतले गतिरोधक तिला घाटासारखे. डॉक्टर डिकीत दोन फळ्या ठेवत, उतरून त्या अंथरत, वरून गाडी काढत, पुन्हा उतरून फळ्या गोळा करत. घरापासून बायपासपर्यंत किती गतिरोधक आहेत, त्यांतला कोणता तिरपा घ्यायचा, हे त्यांना पाठ होतं. आत बटणांवर मऊ लेप असतो, तो आपल्या उन्हाळ्यात वितळून गुळासारखा चिकट होतो. डॉक्टरांच्या पत्नीने त्यावर टाल्कम पावडर फासली होती, त्यामुळे उतरताना डॉक्टरांची बोटं नेहमी पांढरी. पंधरा दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. गर्दीत मागेपुढे केली की क्लच जळतो. आणि स्टिअरिंगमागच्या काचेआड काही ना काही दिवा नेहमी पेटलेला; तो का पेटला ते लॅपटॉप जोडून पाहावं लागे, आणि ते मलाच येत होतं. काही बिघाड झाला म्हणून पेटतो, काही झालं नाही म्हणूनही पेटतो. काका म्हणायचे, "हिले बोलाची सवय आहे. सगळंच मनावर घेऊ नये."

डॉक्टर माणूस भला. रविवारी यायचे, गाडी आमच्याकडे उघडी पडलेली असली तरी आत जाऊन स्टिअरिंग धरून बसायचे. मी एकदा विचारलं, "सर, इतना परेशान करती है, बेच क्यों नहीं देते?" ते म्हणाले, "बेटा, दिन भर लोगों की टूटी हड्डियाँ देखता हूँ. इसे चलाता हूँ तो घुटने में दर्द नहीं होता." अशा माणसावर पत्रक कसं लिहायचं, हा माझ्यापुढे प्रश्नच होता.

नवरात्राच्या आधी काकांनी तिचे प्लग बदलले. मी हाताशी होते. या इंजिनात प्लग खोल विहिरीसारख्या भोकांत बसतात आणि प्रत्येकावर एक कॉइल, खाली रबरी टोपीसकट, घट्ट दाबून बसवलेली असते. टोपीचं काम एकच, विहिरीत काही जाऊ न देणं. काकांनी एक टोपी बोटांत वाकवून दाखवली. "पाह्य, कडक झाल्या. इटलीहून येतीन तवा बदलू. तवर सांभाळून." हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. हे इथेच लिहून ठेवते.

मग खंडेनवमी आली. रांझीच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, जॅक, वेल्डिंगची मशीन, हवेचा कॉम्प्रेसर, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. कारखान्यात त्या सकाळी ट्रकसुद्धा धुतले जायचे, बॉनेट उघडून, इंजिनासकट, जोराच्या पाण्याने. फौजी ट्रक नदीत उतरण्यासाठीच बनवलेला असतो, त्याला पाण्याचं काय. तीच सवय काकांनी गॅरेजमध्ये आणली होती. दरवर्षी उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या आम्ही तशाच धुतो आणि आजवर एकीलाही काही झालेलं नव्हतं.

इटालियन गाडी मी शेवटी घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मला ती धुवायची होती. लाल रंगाचं झाकण असलेलं ते इंजिन पाण्याखाली चमकताना पाहायचं होतं. बॉनेट उघडलं, पंप सुरू केला आणि वरून धार सोडली. तिकडून बॉबी भैया ओरडले, "लीडर साहिबा, पंडितजी बैठ गए हैं, पंप लाइए." पंप पूजेला गेला. बाकीच्या गाड्या मी हवेने सुकवल्या होत्या. हिला सुकवायला कॉम्प्रेसर पाहायला गेले तर त्याच्या गळ्यात माळ आणि कपाळाला कुंकू.

मी काकांना म्हटलं, "काका, पाच मिनिटं हवा मारू का?"

"आता? पूजा झाली ना. आज हात लावाचा नाही. काहून, काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

ते "काही नाही" काढून फेकता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गाडी सुरू करून पाहिली. किंचित अडखळली, मग सरळ झाली. मला वाटलं, थंड आहे. काकांनी तिच्या नाकावर कुंकू लावलं.

दसऱ्याला डॉक्टर गाडी घेऊन कुंडमच्या रस्त्याला लागले. वाटेत काचेआड इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. तो नेहमीच पेटतो, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. पण नुसता पेटलेला दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा. लुकलुकतो तेव्हा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही आणि पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं. तिथे धूर साफ करणारी जाळी असते. ते पेट्रोल तिथे जळतं आणि जाळी लोखंड तापावं तशी लाल होते. कुंडमच्या अलीकडे जळका वास आला तेव्हा ते थांबले. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर झाडाखाली नवे कपडे घालून उभे होते. त्यांच्याच फळ्या लावून गाडी सपाट ट्रकवर चढवली. जाळी गेली होती. ती भारतात मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी कॉइली काढायला घेतल्या. मी शेजारी, बॉबी भैया मागे फोनवर. दोन कोरड्या निघाल्या. तिसरी काढली आणि मला विहिरीत तपकिरी पाणी दिसलं. काकांनाही दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग फडकं आत कोंबून फिरवलं आणि बॉबी भैया वाकायच्या आत म्हणाले, "टोपी नीट बसली नोती. प्लग मीच टाकले होते."

बॉबी भैयांनी फोन ठेवला. "दद्दा, आँखें अब जवाब दे रही हैं."

"असंन," काका म्हणाले.

"डॉक्टर साहब को मैं क्या बोलूँ?"

"हेच सांगा."

मी तिथे उभी होते. गॅरेजमधली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई म्हणून माझी ओळख आहे. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आठवडा संपायच्या आत बॉबी भैयांनी काकांना सांगितलं, आता घरी आराम करा. काकांनी आपली पान्यांची पिशवी सायकलला अडकवली. फाटकाशी मी गेले तर म्हणाले, "तुले अजून लय दिवस काम कराचं आहे. माहं काय." आणि गेले. मला त्यांच्यावरही राग आला. न विचारता माझं ओझं उचलायचं आणि वर मला उपकाराखाली ठेवायचं.

त्या रागात मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं, आजही म्हणते. गॅरेजमध्ये माहितीपुस्तक नाही, प्रशिक्षण नाही, गाडी उचलायची लिफ्ट नाही, आणि बिघाड झाला की बळी कोणाचा? सगळ्यांत जुन्या कामगाराचा. एकूण एक शब्द खरा होता. फक्त मधे एक ओळ होती: "उम्र के चलते कोई चूक हुई भी हो, तो क्या जीवन भर की मेहनत का यही सिला है?" ती ओळ लिहिताना मला ती उदार वाटली होती. पाचशे प्रती छापल्या आणि दोन दिवसांत आधारतालपासून महाराजपूरपर्यंतच्या प्रत्येक गॅरेजमध्ये वाटल्या. भोंगाही लावला.

आठवड्याने वर्गणीसाठी महाराजपूरच्या एका गॅरेजात गेले. मालक ओळखीचे, संघटनेला नावं न ठेवणारे. बसा म्हणाले, पाणी दिलं. मग म्हणाले, "दीदी, आपके वो दद्दा आए थे, काम माँगने."

"अच्छा हुआ. रख लीजिए. उनके जैसा फिटर नहीं मिलेगा."

त्यांनी टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली माझं पत्रक होतं. "यह तो आप ही ने लिखा है न, कि उम्र के चलते चूक हुई? हमको तो पता भी नहीं था. आपका पर्चा पढ़ा तो सोचा, भई, लीडर खुद लिख रही है तो हुई होगी."

"उनको बताया आपने?"

"दिखाया. उन्होंने पूरा पढ़ा, फिर बोले, ठीक लिखा है. और चले गए."

पाणी संपवायचं भान राहिलं नाही. बॉबी भैयांनी काकांना कामावरून काढलं होतं, एका गॅरेजमधून. बाकीच्या सगळ्यांमधून मी काढलं. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांच्या टेबलावर मी स्वतः जाऊन कागद ठेवला होता.

सायकल तशीच बॉबी भैयांकडे वळवली. ते डॉक्टरांच्या गाडीशेजारी उभे होते. सगळ्यांसमोर म्हटलं, "इंजन मैंने धोया था. नवमी के दिन. पानी मेरी वजह से गया. दद्दा ने झूठ बोला." वेल्डरने चष्मा कपाळावर घेतला. मला वाटलं होतं, माझा हिशेब तिथेच होणार आणि काका परत येणार.

बॉबी भैया म्हणाले, "मुझे लगा ही था. तीस साल से प्लग लगा रहा आदमी टोपी ढीली नहीं छोड़ता."

"फिर निकाला क्यों?"

"उनको तो वैसे भी निकालना था. रास्ता ढूँढ रहा था, उन्होंने खुद दे दिया. तुम जाओ, काम करो. इस गाड़ी का लैपटॉप तुम्हारे अलावा किसको आता है?"

बघा, माझा आरोप खरा होता. मालक तसाच होता जसा मी लिहिला होता. पण खरा आरोप हातात असूनही बोलायला तोंड राहिलेलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र मी त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सांगितलं. ते रागावले. रागावले याचं मला बरं वाटलं. म्हणाले, "मैंने तुम्हारे काका को फोन पर बहुत कुछ सुना दिया था. वो जी, जी करते रहे." मग त्यांनी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही.

दुसरं पत्रक लिहायला मला चार दिवस लागले. पहिलं एका बसल्या लिहिलं होतं. चार दिवस मी व्यवस्था, शोषण, प्रशिक्षणाचा अभाव, सगळं घालून पाहिलं आणि प्रत्येक मसुद्यात मी कुठे तरी मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची. शेवटी सगळं खोडलं. उरलं ते असं: डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन मी धुतलं. टोप्या कडक झाल्याचं दिगंबरकाकांनी मला आधीच सांगितलं होतं. मी सुकवलं नाही. पाणी पाहूनही गप्प राहिले. आधीच्या पत्रकातली वयाची ओळ खोटी आहे. खाली माझं पूर्ण नाव. सभेची वेळ नाही. रंगारी म्हणाला, "दीदी, इसमें माँग क्या है?" मागणी नव्हतीच.

वाटप करायच्या आधी एक प्रत घेऊन काकांकडे गेले. दुपार होती, ते अंगणात सायकल उलटी करून चाक सरळ करत होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवत वाचला. सावकाश. नंतर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मी उभीच होते. बसवत नव्हतं.

"बॉबीनं काय म्हटलं?"

"तुम्हाला तसंही काढणार होते."

"हं. मले ठाव होतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "चांगलं लिवलं. सिधं आहे." मग घडी पुन्हा उघडून मागची बाजू पाहिली, कोरी होती. "किती छापले?"

"दोनशे."

"अन् ते पहिलेवाले?"

"पाचशे."

काकांनी चाक फिरवलं. थोडं डगमगत होतं. त्यांनी एक तार आवळली, पुन्हा फिरवलं. "म्हणजे तिनशे जणायसाठी चूक माहीच राहिली," ते म्हणाले. रागाने नाही, मोजमाप सांगावं तसं. मग आत हाक मारली, "अवो, वैशाली आली, च्या ठेवा."

पत्रकं छापणारा प्रेस सहाला बंद होतो आणि रांझीहून बस कधी मिळेल याचा नेम नसतो. चहा मी उभ्यानेच घेतला.